आधी कोण जाणार?

कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत आज जा, प्रत्येक गल्लीत एखादं तरी घर असं सापडेल की ज्या घरातलं कुणीतरी परदेशात आहे. पूर्वी एखादा डॉक्टर नाहीतर इंजिनिअर जायचा आणि त्याचं नाव गल्लीभर व्हायचं. आता शिकायला जाणारी पोरं-पोरी आहेत, दुबई-मस्कतला नोकरीला जाणारे आहेत, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेला जाऊन येणाऱ्या आयाही आहेत. जाताना बॅगा भरण्याचा मोठा सोहळा असतो. कांदा-लसूण चटणी किती न्यायची, भडंग नेलं तर वजनात बसेल का, यावर घरात दोन दोन दिवस खल होतो. गाडी चालवण्याचा विषय मात्र निघत नाही. निघालाच तर वडील कौतुकानं सांगतात, "आमचा पोरगा महाद्वार रोडच्या गर्दीतनं गाडी काढतो, त्याला तिथल्या मोकळ्या रस्त्यांवर काय अवघड जाणार?"

महाद्वार रोडवरून सणाच्या दिवसांत गाडी काढणं हे कसब आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते कसब तिथं उपयोगी पडत नाही, उलट काही वेळा आडवं येतं. मी धंद्यानं फाउंड्रीवाला. कास्टिंगच्या कामानिमित्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागात काही वर्षं राहिलो, नंतर जर्मनीत जाणं-येणं राहिलं, आणि धाकटी बहीण अमेरिकेत मिशिगनला असल्यामुळे तिथल्या रस्त्यांवरही बराच काळ काढला. तिन्ही ठिकाणी गाडी चालवली. शिरोली एमआयडीसीतून परदेशी जाणारी तरुण मुलं अधूनमधून विचारायला येतात, त्यांना जे सांगतो तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिथं उजव्या बाजूनं चालवायचं, ते कसं जमतं?"

खरं सांगायचं तर ते सगळ्यात लवकर जमतं. जगातली साधारण एक तृतीयांश लोकसंख्या आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूनं जाणाऱ्या देशांत राहते. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर हे सगळे त्यातले. बाकीचे उजवीकडचे. आपल्याकडची डावी बाजू ब्रिटिशांकडून आली. आपल्या शेजारच्या गोव्याची गोष्ट तर मजेची आहे. पोर्तुगालनं १९२८ साली स्वतःच्या देशातली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोव्यात डावीच बाजू राहिली, कारण सभोवतालचा सगळा मुलूख डावीकडून चालणारा. उद्या आंबोली घाट उतरून सीमा ओलांडली की बाजू बदलायची, असा प्रकार झाला असता! स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाची बाजू डावीकडून उजवीकडे केली. सामोआ या पॅसिफिकमधल्या छोट्या देशानं २००९ साली उलटा प्रवास केला आणि उजवीकडून डावीकडे आले, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून स्वस्त जुन्या गाड्या आणता याव्यात. अख्खे देश बदलू शकतात, तर एकटा माणूस का नाही बदलणार?

पहिले चार दिवस इंडिकेटर द्यायला जावं आणि वायपर फिरायला लागावेत, एवढंच होतं. गर्दीच्या रस्त्यावर चूक होण्याची भीती कमी, कारण पुढच्या गाडीच्या मागोमाग आपण आपोआप बरोबर बाजूला राहतो. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. पहाटे पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना समोर एकही गाडी नसते, आणि हात जुन्या सवयीनं गाडी जुन्या बाजूला नेतात. म्हणून मी मुलांना सांगतो, पहिले काही आठवडे पंपावरून किंवा पार्किंगमधून निघताना बाजू मोठ्यानं म्हणायची. लाज वाटायचं काही कारण नाही, गाडीत ऐकायला कोण असतं?

खरी अडचण पुढं आहे. एका चौकात दोन गाड्या दोन बाजूंनी आल्या, तर आधी कोण जाणार?

आपल्याकडे हा प्रश्न कसा सुटतो ते बघा. सिग्नल बंद असताना दाभोळकर कॉर्नरला पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळेल. केएमटीची बस येते, रिक्षा येते, एक वडापची जीप येते, चार-पाच टू-व्हीलर असतात. प्रत्येक जण थोडं थोडं नाक पुढं घालतो. हॉर्न वाजतो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तो थांबणार की घुसणार याचा अंदाज घ्यायचा. तो दबला की आपण जायचं, तो नाही दबला तर आपण ब्रेक दाबायचा. मोठ्या गाडीला वाट, हे तर न सांगताच ठरलेलं. हा सगळा सौदा दोन सेकंदांत होतो, आणि बहुतेक वेळा कुणाला खरचटतसुद्धा नाही. परदेशी पाहुणे हे बघून थक्क होतात. माझ्याबरोबर आलेले एक जर्मन गृहस्थ तर गाडीत डोळे मिटून बसायचे.

म्हणजे आपण रस्त्यावर माणसं वाचतो. तिकडचा ड्रायव्हर रस्ता वाचतो. जमिनीवरची रेघ, खांबावरची पाटी, आणि कुणी कुणाला वाट द्यायची याचा नियम, एवढ्यावर तो चालतो. तुमच्या चेहऱ्याकडे तो बघतच नाही. इंग्लंडमध्ये मी परवान्यासाठी शिकवणी लावली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी हे बरोबर हेरलं होतं. गाडीवर ताबा चांगला आहे, पण तुम्ही समोरच्या ड्रायव्हरकडे बघता आणि पाट्या नंतर बघता, असं त्यांचं म्हणणं होतं. चौदा वर्षं कोल्हापुरात गाडी चालवलेल्या माणसाचं याहून नेमकं वर्णन होऊ शकत नाही.

इंग्लंडमधलं वर्तुळ, म्हणजे राउंडअबाउट, हे याचं उत्तम उदाहरण. तिथला नियम असा की आत शिरताना उजवीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची. आता वर्तुळात आधीच असलेला माणूस तुम्ही थांबाल की नाही हे तपासत बसत नाही. तुम्ही थांबणारच, हे धरूनच तो वेग न कमी करता येतो. आपण आपल्या सवयीनं जरा नाक पुढं घातलं की तो बिथरतो, कारण ती भाषाच त्याला येत नाही. आपल्याला वाटतं, थोडं पुढं सरकलो म्हणून काय झालं? त्याला वाटतं, हा माणूस आता अंगावर येतोय. काही ठिकाणी तर वर्तुळ म्हणजे रस्त्यावर रंगवलेला नुसता पांढरा ठिपका असतो. तरी लोक त्या ठिपक्याचा मान ठेवतात. उजवीकडच्या देशांत हेच वर्तुळ उलटं फिरतं आणि वाट डावीकडून येणाऱ्याला द्यावी लागते, तेवढं लक्षात ठेवायचं.

जर्मनीत वस्तीतल्या अनेक छोट्या चौकांत पाटीच नसते. तिथं उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. तुम्ही रुंद रस्त्यावरून येताय आणि उजवीकडच्या बोळातून एक म्हातारबुवा सायकलवरून येताहेत, तरी थांबायचं तुम्ही. आपली पापाची तिकटी किंवा मिरजकर तिकटी जर जर्मनीत असती आणि तिथं एकही पाटी नसती, तर सरळ जाणाऱ्यालासुद्धा उजव्या फाट्यावरून येणाऱ्यासाठी थांबावं लागलं असतं. मोठा रस्ता, छोटा रस्ता हा हिशेब डोक्यातून काढून टाकावा लागतो. ज्या रस्त्याला खरोखरच अग्रहक्क दिलेला असतो, त्यावर पिवळ्या चौकटीची, कोपऱ्यावर उभी केलेली पाटी असते. ती दिसली तरच निर्धास्त जायचं.

अमेरिकेत आणखी तिसरी तऱ्हा. चारही बाजूंना 'स्टॉप'च्या लाल पाट्या. प्रत्येकानं चाकं पूर्ण थांबवायची, रस्ता मोकळा असला तरी. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. मिशिगनमध्ये बहिणीच्या घराजवळ असा एक चौक होता. सकाळी कामावर जायच्या वेळेला चारही बाजूंना दहा-बारा गाड्या असायच्या, आणि एक इकडून, एक तिकडून, अशा एकेक करून जायच्या. पोलीस नाही, सिग्नल नाही. पंगतीत वाढपी ज्या क्रमानं वाढत जातो तसा तो क्रम चालायचा.

इंग्लंडच्या रस्त्यांच्या नियमांचं जे अधिकृत पुस्तक आहे, 'हायवे कोड', त्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. हे नियम कोणत्याही परिस्थितीत तुम्हाला आधी जाण्याचा हक्क देत नाहीत, दुसऱ्याला वाट कधी द्यायची एवढंच सांगतात. सगळा फरक इथं आहे. आपण चौकात आलो की मनात विचार येतो, मला जाता येईल का? तिथं विचार करायचा असतो, मला कुणासाठी थांबायचंय का?

आपल्याकडे असा नियमच नाही, असं मात्र समजू नका. १९८९ च्या आपल्या रस्ते वाहतुकीच्या नियमांत स्वच्छ लिहिलं होतं की चौकात शिरताना, समोरचा रस्ता मुख्य रस्ता म्हणून जाहीर केलेला असेल तर त्यावरच्या वाहनांना वाट द्यावी, नाहीतर उजवीकडून येणाऱ्यांना द्यावी. २०१७ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. आता आपल्यापैकी किती जणांनी पक्कं लायसन्स काढताना हे वाचलं, हा प्रश्न मी विचारत नाही.

हॉर्न आणि दिवे यांची भाषा हा दुसरा मोठा घोटाळा. आपल्या ट्रकच्या मागं 'हॉर्न ओके प्लीज' रंगवलेलं असायचं. महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन आयुक्तांनी ते लिहायला बंदी केली. पण पाटी पुसली म्हणून सवय पुसली जात नाही. आपला हॉर्न म्हणजे 'मी आलोय बरं का' एवढंच सांगणं, त्यात राग नसतो. इंग्लंडमध्ये हॉर्न वाजला म्हणजे कुणाचा तरी जीव धोक्यात आहे, नाहीतर कुणीतरी भयंकर चिडलं आहे. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला कायद्यानंच मनाई आहे. मी तिथं पहिल्या सहा महिन्यांत किती हॉर्न ऐकले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

डिपरचं तर फारच विचित्र आहे. आपल्याकडे समोरून कुणी डिपर मारला की त्याचा अर्थ 'थांब, मी येतोय'. इंग्लंडमध्ये लोक डिपर देतात तो बरोबर उलट्या अर्थानं, 'या, तुम्ही आधी'. पुस्तकात विचाराल तर दोन्ही अर्थ चूक, डिपरचा अर्थ फक्त 'मी इथं आहे', एवढाच. पण रस्ता पुस्तकावर चालत नाही. माझ्याबरोबर इचलकरंजीकडचा एक तरुण सहकारी होता. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेली अरुंद गल्ली, मधून एकच गाडी जाईल एवढी जागा. समोरच्यानं डिपर दिला. आमचा गडी थांबला. समोरचाही थांबलेला. त्यानं पुन्हा डिपर दिला. हा आणखी मागं सरकला! दोघंही एकमेकांना वाट देत उभे, आणि मागं गाड्यांची रांग. तो प्रसंग हसण्यावारी गेला. पण ही सवय उलटी वापरली तर हसण्यासारखं काही राहत नाही. तिकडं पाच वर्षं काढलेला माणूस सुट्टीला येतो, गगनबावड्याच्या घाटात समोरून ट्रक डिपर मारतो, आणि हा 'या' समजून पुढं जातो. विचार करा.

संयुक्त अरब अमिरातीत आणखी निराळं. तिथं डाव्या लेनमध्ये मागून येणारी गाडी दिवे मारते, म्हणजे 'बाजूला हो'. अशा वेळी पुढच्यानं ईर्षेला पेटायचं नाही, बाजूला व्हायचं. पण मागच्यानं अगदी चिकटून येणं हासुद्धा तिथं दंडाचा गुन्हा आहे.

पायी चालणाऱ्यांचं सांगतो. इंग्लंडमध्ये पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर माणसानं पाऊल ठेवलं की गाडीनं थांबलंच पाहिजे. २०२२ च्या जानेवारीत नियम बदलले, आणि आता कडेला थांबलेल्या माणसालाही वाट द्यावी, गाडी वळवताना तो रस्ता ओलांडू पाहणाऱ्यालाही द्यावी, असं सांगितलं जातं. आपला माणूस तिथं थांबायला विसरतो, कारण आपल्याकडे माणूसच थांबतो. अमेरिकेत शाळेची पिवळी बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकायला लागले की मागच्या गाड्यांनी तर थांबायचंच, पण मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा थांबायचं. पोर बसमधून उतरून पळत रस्ता ओलांडणार, हे गृहीत धरलेलं असतं. बहिणीनं मला विमानतळावरून घरी नेताना पहिली ताकीद दिली ती याच गोष्टीची. "दादा, बाकी काही चुकलं तर चालेल, शाळेची बस चुकवू नकोस."

पण सगळ्यात मनात राहिलं ते जर्मनीतलं दृश्य. स्टुटगार्टजवळ मोठ्या रस्त्यावर पुढं कुठंतरी अपघात झाला आणि आम्ही अडकलो. गाड्यांचा वेग कमी होत होता तेवढ्यातच सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डाव्या कडेला सरकायला लागल्या आणि बाकीच्या उजवीकडे. मधून एक सरळ वाट तयार झाली. अजून ॲम्ब्युलन्सचा आवाजसुद्धा नव्हता. तिथला नियमच तसा आहे की गाड्या थांबायला लागल्या की वाट आधीच करून ठेवायची, भोंगा ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, कारण गाड्या एकदा एकमेकांना चिकटून उभ्या राहिल्या की सरकायला जागा उरत नाही. ही वाट केली नाही तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. मला मात्र दंडापेक्षा जोतिबाची आठवण झाली. चैत्र यात्रेला लाखोंच्या गर्दीत सासनकाठी आली की माणसं कशी दोन्ही बाजूंना सरतात! कुणी सांगावं लागत नाही. हे आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता कागदपत्रांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो. पक्कं लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, फी एक हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तो एकटा काही कामाचा नाही, मूळ लायसन्स बरोबर हवंच. आणि तो तिथं कायम राहणाऱ्यांसाठी नाही. इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्याला भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, जर्मनीत सहा महिने. पुढं तिथली परीक्षा द्यावीच लागते. अमिरातीत राहण्याचा व्हिसा मिळाला की भारतीय लायसन्सवर चालवता येत नाही, स्थानिक काढावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तेव्हा जिथं जायचं त्या राज्याचं बघायचं, मामेभाऊ टेक्सासला काय करतो ते न्यू जर्सीत चालेलच असं नाही.

परीक्षेला हलकं समजू नये. इंग्लंडमध्ये लेखी परीक्षेत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर हवेत. मग पडद्यावर रस्त्याची चित्रफीत दाखवतात आणि धोका कुठं तयार होतोय ते ओळखून बटण दाबायचं, ७५ पैकी ४४ गुण मिळवायचे. हा भाग मला फार आवडला, कारण यात हातापेक्षा नजर तपासली जाते. त्यानंतर साधारण चाळीस मिनिटं रस्त्यावरची चाचणी. सुरुवातीला वीस मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचून दाखवायची. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ, गंभीर एक जरी झाली तरी नापास. आरशात बघणं हे नुसतं बघून चालत नाही, बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे. वीस वर्षं गाडी चालवणारी माणसंही दोन-तीनदा बसतात, त्यात कमीपणा मानू नये.

विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट मात्र दरडावूनच सांगतो, विम्याची. आपल्याकडे मित्राची गाडी मागायची, "किल्ली दे जरा, आलोच" म्हणायचं, ही आपली रीत. इंग्लंडमध्ये विमा गाडीपेक्षा चालवणाऱ्याच्या नावावर असतो. पॉलिसीत तुमचं नाव नसेल तर मित्राची गाडी भाजी आणायला नेलीत तरी तुम्ही विनाविमा. पकडलं तर ३०० पौंड दंड आणि सहा गुण, आणि तिथलं लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर सहा गुणांत ते रद्दच होतं. प्रकरण कोर्टात जाऊन शिक्षा झाली तर पुढच्या व्हिसाच्या अर्जात ती लिहावी लागते. अपघातात कुणी जखमी झालं तर काय होईल, ते सांगायला नकोच. इथं आईबापांनी शेत गहाण ठेवून शिक्षणाचं कर्ज काढलेलं असतं. म्हणून त्या किल्लीला 'नाही' म्हणायला शिकवूनच पोराला विमानात बसवावं.

अमेरिकेत पोलिसाच्या गाडीनं मागून दिवे लावले तर काय करायचं, हेही आधी कळलेलं बरं. आपल्याकडे पोलिसानं हात केला की आपण गाडी कडेला घेतो, उतरतो आणि साहेबांकडं चालत जातो. तो आपला विनय असतो. तिथं नेमकं हेच करायचं नाही. उजव्या कडेला थांबायचं, गाडीतच बसायचं, दोन्ही हात स्टीअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, आणि तो विचारेल तेव्हा सांगून मगच कागद काढायचे. तिथल्या पोलिसाला गाडीतून उतरून आपल्याकडं येणारा माणूस धोकादायक वाटू शकतो. 'मिटवून टाकू' ही भाषा तर चुकूनही काढायची नाही.

हे सगळं शिकून माणूस परत येतो, आणि मग इथं त्याचं काय होतं? मी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात दसरा चौकात पट्ट्यांपाशी एका आजींसाठी थांबलो. मागून तीन हॉर्न. आजीही पुढं येईनात, त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी त्यांनीच हातानं खूण केली, "जा बाबा तू." तिकडची सवय इथं तशीच्या तशी वापरली तर मागून धडक बसू शकते, हे ध्यानात ठेवूनच आरशात बघून थांबावं लागतं.

परत आलेले काही जण मग जिथं जातील तिथं सांगत सुटतात की तिकडची माणसं शिस्तीची आणि आपली बेशिस्त. मला हे पटत नाही. तिथं रेघ दर वर्षा-दोन वर्षांनी रंगवलेली असते, लायसन्स सहज मिळत नाही, आणि रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या साधारण एकाच वेगाच्या असतात. आपल्याकडे उसाची ट्रॉली, म्हैस, एसटी, टू-व्हीलरवरचं चौकोनी कुटुंब आणि नवी कोरी मोटार एकाच पट्ट्यातून जातात. अशा रस्त्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघून अंदाज घेणं, हाच शहाणपणा आहे. गल्लीत, चौकात, वीस-तीसच्या वेगाला त्यानं आपल्याला आजवर सांभाळलंय.

घोळ होतो तो हीच पद्धत घेऊन आपण तावडे हॉटेलच्या पुढं हायवेला लागतो तेव्हा. ताशी शंभरच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. तिथं कुणाच्या डोळ्यांत बघायला वेळ नसतो. पुढचा वळसा वाचवायला उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, ही माणसं वाईट नसतात. 'बघून घेईल की समोरचा' या चौकातल्या हिशेबावर ती हायवेवर येतात. आणि समोरच्याला दिसेपर्यंत सगळं संपलेलं असतं. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सुमारे १,७००. लोकसंख्येचा फरक वीस-बावीस पटींचा धरला तरी आपला आकडा तिथल्या चौपटीहून जास्त भरतो, आणि माणशी गाड्या तर तिथं कितीतरी अधिक आहेत. रस्ते आपण परदेशासारखे वेगवान केले, आधी कोण जाणार हे ठरवायची पद्धत मात्र चौकातलीच ठेवली.

शेवटी एक राहिलं, स्वतः गाडी न चालवणाऱ्या आईवडिलांचं. सहा महिन्यांसाठी लेकाकडे जाता आणि सकाळी फिरायला बाहेर पडता. उजवीकडच्या देशात आपल्या जवळच्या कडेनं येणारी गाडी डावीकडून येते. आपली मान जन्मभराच्या सवयीनं आधी उजवीकडे वळते आणि पाऊल पडतं. तेव्हा अमेरिकेत, जर्मनीत, दुबईत आधी डावीकडे बघायचं. चौकातल्या खांबावर एक बटण असतं, ते दाबायचं आणि चालणाऱ्या माणसाचं चित्र उजळेपर्यंत थांबायचं. रस्ता अगदी मोकळा असला तरी. मधूनच हात दाखवून गाड्या थांबवायच्या नाहीत, तिथल्या ड्रायव्हरला त्या हाताचा अर्थ कळत नाही.